साध्या गाडीत दिव्याचे सन व्हायझर बसवायचे तर

नाशिकला सकाळी नऊचा मुहूर्त होता, म्हणून आम्ही पुण्यातून पहाटे चारलाच निघालो. मावशी पुढच्या सीटवर बसून नथ घालत होती. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात नथ, आणि व्हायझरच्या, म्हणजे ऊन अडवायला काचेवर असलेल्या फळीच्या, आरशात तिला नाकाच्या जागी नुसता टॉर्चचा पांढरा ठिपका दिसत होता. छतातला दिवा लावला तर गाडी चालवणाऱ्या बाबांना समोरच्या काचेत रस्त्याऐवजी आम्हीच दिसायला लागलो. चाकणच्या पुढे नथ हातातून निसटली, सीटच्या रुळाखाली गेली आणि ती शोधायला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला आरशाच्या दोन्ही बाजूंना छोटे दिवे येतात. झाकण सरकवलं की लागतात, बंद केलं की विझतात. आमच्या मधल्या व्हेरियंटला ते नव्हते. त्या लग्नानंतर महिन्याभरात मी ते बसवले आणि पुढे नात्यातल्या, सोसायटीतल्या आणखी तीन गाड्यांना. स्क्रू खोलता येत असतील, मल्टिमीटरवर व्होल्ट वाचता येत असतील आणि एक रविवार मोकळा असेल, तर हे काम घरी होतं. व्हायझर बदलणं हा त्यातला दहा मिनिटांचा भाग. उरलेला सगळा वेळ दोन प्रश्नांना द्यायचा असतो: करंट कुठून घ्यायचा आणि वायर कुठून न्यायची. चूक होते ती तिथेच, म्हणून मीही तिथे जास्त रेंगाळणार आहे.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा

काही मॉडेलमध्ये कंपनी छतातली वायरिंग सगळ्या व्हेरियंटना एकसारखीच टाकते. मग खालच्या व्हेरियंटमध्येही व्हायझरच्या मुळाशी, छताच्या लायनिंगच्या वर, न वापरलेला कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा सांधा, टेपने चिकटवून ठेवलेला असतो. जुना व्हायझर खोला आणि त्या भोकातून टॉर्च मारून बघा. दोन वायरींचा छोटा कपलर दिसला तर निम्म्याहून जास्त काम कंपनीनेच करून ठेवलंय. त्यात 12 व्होल्ट येतात का ते मोजा, व्हायझर जोडा आणि मोकळे व्हा.

आमच्या गाडीत कपलर नव्हता. बहुतेकांच्या गाडीत नसतोच, असं धरून पुढे लिहिते.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे वरच्या व्हेरियंटमध्ये दिवा नक्की असतो कुठे. बऱ्याच गाड्यांत तो व्हायझरमध्येच, आरशाच्या शेजारी असतो. पण काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय बनावटीच्या, दिवा व्हायझरच्या वर छताच्या लायनिंगमध्ये बसवलेला असतो आणि व्हायझरमध्ये फक्त स्विच असतो. तुमचं मॉडेल या दुसऱ्या प्रकारातलं असेल तर नुसते व्हायझर आणून भागत नाही. लायनिंगला खाचा पाडाव्या लागतात किंवा अख्खं लायनिंग बदलावं लागतं. तशा गाडीत हे काम करू नका असंच मी सांगेन.

ऑनलाइन मिळणारे चार्जिंगचे, चिकटवायचे आरसेही असतात. वायरिंगची कटकट नाही हे खरं, पण त्यात लिथियमची बॅटरी असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून भट्टीसारखी तापते. अशी बॅटरी छताला चिकटवून दिवसभर उन्हात ठेवणं मला पटत नाही.

व्हायझर घेताना

नवे घ्यायचे तर कंपनीच्या पार्टच्या दुकानात चासी नंबर नेऊन वरच्या व्हेरियंटचा पार्ट नंबर काढून घ्या. रंगाप्रमाणे नंबरचा शेवटचा भाग बदलतो, म्हणून बेज की राखाडी हे आधीच सांगा. जुने घ्यायचे तर मुंबईत कुर्ल्याचा स्क्रॅप बाजार आहे, आणि बाकी बहुतेक मोठ्या शहरांत अपघातातल्या गाड्या सुट्या करून विकणारे असतातच. मी जुनेच घेतले, कारण कापड मळलेलं असलं तरी धुता येतं.

जाताना आपला जुना व्हायझर काढून सोबत न्या. मोजमापं लिहून नेण्यापेक्षा दोन व्हायझर एकमेकांवर ठेवून बघणं चांगलं. बुडाशी स्क्रूची भोकं जुळली पाहिजेत, दांडा तेवढाच जाड पाहिजे आणि दांड्यापासून मधल्या क्लिपपर्यंतचं अंतर सारखं पाहिजे. त्याच मॉडेलच्या आधीच्या पिढीचा व्हायझर दिसायला सारखा असतो, पण क्लिप बोटभर चुकते. डावा-उजवाही नीट बघून घ्या. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या परदेशी गाडीचे व्हायझर बसतात, पण मग तिकीट अडकवायची पट्टी ड्रायव्हरऐवजी शेजारच्याकडे जाते आणि एअरबॅगचा इशारा भलत्या बाजूला. तो इशारा, म्हणजे पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट लावू नका हे सांगणारं चित्र, तुमच्या नव्या व्हायझरवरही असलं पाहिजे. ज्या बाजूला एअरबॅग आहे तिथे ते चित्र नसलेला व्हायझर मी घेणार नाही.

मग दिवा तपासा. दुकानात 12 व्होल्टची बॅटरी असतेच. दोन वायरी तिला लावा, झाकण दहा वेळा उघडा-मिटा. झाकण पूर्ण बंद केल्यावर फटीतून उजेड दिसतो का ते हाताची ओंजळ करून बघा. दिसला तर स्विच गेलाय, तो व्हायझर नको. आता दिवा लावूनच ठेवा आणि व्हायझर बाजूच्या खिडकीकडे फिरवल्यासारखा दांड्यावर फिरवा, मागे-पुढे, पाच-सहा वेळा. वायर पोकळ दांड्यातून आत जाते आणि वर्षानुवर्षं पिळली गेल्यामुळे तुटते ती तिथेच. फिरवताना दिवा लुकलुकला तर आतली वायर तुटायला आलीय. बाहेरून ती दुरुस्त होत नाही.

घरी आल्यावर आतले बल्ब काढून बघा. बहुधा दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला नळीसारखा बल्ब असतो, 31 किंवा 36 मिलिमीटर लांबीचा. तोच मोजून त्याच लांबीचा एलईडी घ्या. जुना बल्ब 5 वॅटचा असला तर चांगलाच तापतो, आणि त्याच्या भोवती प्लास्टिक आणि फोम असतो. एलईडीला करंट कमी लागतो आणि उष्णताही कमी. रंग मात्र निळसर पांढरा घेऊ नका. त्यात कुंकू काळपट दिसतं आणि चेहरा आजारी. 4000 केल्विनच्या आसपासचा, किंचित पिवळसर पांढरा उजेड चेहऱ्याला बरा.

करंट कुठून घ्यायचा

एखाद्या दुकानात दिलात तर पुष्कळदा लायटरच्या सॉकेटमधून वायर ओढून देतात. ती डॅशबोर्डमागून, मग काचेच्या बाजूच्या पिलरमधून वर न्यावी लागते, आणि त्या पिलरचंच मला भय वाटतं. ज्या गाडीला कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग, असतात तिच्यात ती बॅग पिलरच्या प्लास्टिकच्या आवरणामागे आणि दारांवरच्या कडेत घडी घालून ठेवलेली असते. तिच्यावरून आडवी गेलेली वायर बॅग उघडताना आड येऊ शकते. म्हणून पिलरला हातच लावायचा नाही. करंट वरूनच घ्यायचा, आरशाजवळच्या पुढच्या छताच्या दिव्यातून. त्याला मॅप लॅम्प म्हणतात. तिथून व्हायझरच्या बुडापर्यंत आमच्या गाडीत जेमतेम दोन फूट अंतर आहे आणि वाटेत काही येत नाही.

आणखी एक फायदा आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत आतले दिवे चुकून चालू राहिले तर गाडी स्वतःच थोड्या वेळाने त्यांचा करंट तोडते. आपले व्हायझरचे दिवे त्याच लाइनवर असतील तर त्यांनाही हे संरक्षण मिळतं. तुमच्या गाडीत तसं आहे का हे बघायला मीटर लागत नाही. मॅप लॅम्प त्याच्या स्वतःच्या बटणाने लावा, गाडी लॉक करा आणि तासाभराने खिडकीतून डोकावा. दिवा आपोआप विझला असेल तर छान. विझला नसेल तर झाकण उघडं राहिल्यास काय होईल याचा हिशेब मांडून ठेवा. 5 वॅटचा एक बल्ब सुमारे 0.4 अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला 10 अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची असते. दोन दिव्यांचं एक झाकण शनिवारी रात्री उघडं राहिलं तर सोमवारी सकाळी गाडी सुरू होईलच असं नाही.

आता मोजायचं कसं ते. हे बॅटरी जोडलेली असतानाच करायचं. मॅप लॅम्पची काच प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच उचका, आत बहुधा दोन स्क्रू असतात, ते काढले की दिवा कपलरसकट खाली येतो. आत जास्त वायरी दिसल्या तर दचकू नका. ब्लूटूथचा माइक, सनरूफ यांच्याही तिथेच असतात. त्यांना हात लावायचा नाही. आपल्याला दिव्याच्या तीन वायरींशी मतलब: कायम पॉझिटिव्ह, कायम अर्थ (म्हणजे निगेटिव्ह) आणि दार उघडल्यावर दिवा लावणारी दाराची वायर.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन छताच्या उघड्या धातूला आणि लाल पिन एकेका वायरीला लावा. किल्ली काढलेली, सगळी दारं बंद, सगळे दिवे बंद, अशा स्थितीत जिथे 12च्या वर आकडा येतो ती कायम पॉझिटिव्ह. दिव्याचं बटण मधल्या म्हणजे दाराच्या जागी असेल तर बल्बमधून फिरून दाराच्या वायरीवरही 12 दिसू शकतात, म्हणून बटण बंदच ठेवा.

अर्थ शोधताना जास्त सावध राहा. बऱ्याच जपानी आणि त्यांच्याच वळणाच्या गाड्यांत दाराचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. दार उघडलं की ती वायर अर्थ होते, बंद केलं की सुटते. आता लाल पिन सापडलेल्या पॉझिटिव्हला ठेवा आणि काळी पिन एकेका वायरीला लावत दार उघडा, बंद करा. दार उघडल्यावरच 12 दाखवते ती दाराची वायर. दार कसंही असलं तरी 12 दाखवते ती खरी अर्थ, आणि तीच आपल्याला हवी. पहिल्या गाडीत मी दार उघडं ठेवूनच मोजलं होतं, त्यामुळे दोन्ही वायरी सारख्याच वाटल्या आणि मी दाराची घेतली. व्हायझरचे दिवे दार उघडं असेपर्यंत झकास लागले. दार लावलं आणि अंधार. सगळं पुन्हा खोलावं लागलं. वायरीच्या रंगावर तर अजिबात विसंबू नका. काळी म्हणजे अर्थ हे प्रत्येक कंपनी पाळतेच असं नाही.

व्हायझरच्या स्क्रूला अर्थ धरायचा मोह होतो, कारण तो छताच्या पत्र्यातच जातो. पण तिथे रंग असतो, स्क्रू सैल होतो, दिवा मिणमिणतो. दोन्ही वायरी मॅप लॅम्पपासूनच न्या.

बॅटरी काढा, मग वाट बघा

मोजून झालं, खुणेच्या चिठ्ठ्या लावून झाल्या की बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा नंबरच्या पान्याने सोडवून बाजूला करा आणि दहा मिनिटं काही करू नका. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ करंट साठलेला राहतो. या वेळात चहा घ्या. बॅटरी काढल्याने घड्याळ आणि कधीकधी खिडकीच्या काचेचं एका टिचकीत वर जाणं विसरलं जातं. ते पुन्हा कसं शिकवायचं हे गाडीच्या पुस्तकात असतं.

वायर न्यायची कशी

0.5 चौरस मिलिमीटरची, गाडीसाठीची मऊ, अनेक तारांची वायर घ्या. घरातल्या बेलची एकतारी वायर नको, ती थरथरीने तुटते. जुने व्हायझर काढताना बुडाची टोपी नखाने उघडा, आत दोन किंवा तीन स्क्रू असतात, साधे चौफुलीचे किंवा सहा टोकांचे स्टार. स्टारला बरोबर मापाचाच बिट लावा, बहुधा टी-20 किंवा टी-25. छोटा लावून फिरवला तर डोकं घासतं आणि मग गॅरेज गाठावं लागतं. शेवटचा स्क्रू निघताना दुसऱ्या हाताने व्हायझर धरून ठेवा.

आता छताचं लायनिंग. ते पुठ्ठ्यासारखं असतं, वर कापड. एकदा घडी पडली की ती कायमची. म्हणून ते खाली ओढायचं नाही. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवतो तसं करायचं. एक लांब केबल टाय घ्या, तिच्या टोकाला वायर टेपने सपाट चिकटवा आणि मॅप लॅम्पच्या भोकातून लायनिंग आणि पत्रा यांच्यामधून व्हायझरच्या भोकाकडे सरकवत न्या. काचेच्या कडेला लागून, पुढच्या बाजूनेच. अडलं तर जोर लावू नका, मागे घ्या, किंचित वळवा, पुन्हा घाला. दुसऱ्या माणसाने व्हायझरच्या भोकात टॉर्च आणि चिमटा धरून ठेवला तर दोन मिनिटांत होतं. माझा भाचा यात तरबेज झालाय, त्याची बोटं बारीक आहेत.

ओवायच्या आधी वायरीवर कापडी टेप गुंडाळा. नुसती वायर पत्र्यावर आपटून टकटक करते, आणि छतातला आवाज कुठून येतो ते शोधणं फार जिवावर येतं.

जोड देताना मॅप लॅम्पची मूळ वायर कापू नका. तशाच कपलरची नर-मादी जोडी मिळाली तर मध्ये घालायची छोटी वायरिंग करता येते. ती उद्या काढली की गाडी मूळ रूपात येते आणि वॉरंटीचा वाद होत नाही. ती नाही मिळाली तर मूळ वायरीचं आवरण बोटाच्या पेराएवढं सोलून, नवी वायर तिच्यावर गुंडाळून डाख द्या आणि कापडी टेप घट्ट गुंडाळा, कारण न कापलेल्या वायरीवर स्लीव्ह ओवता येत नाही. नव्या वायरीतले पुढचे जोड मात्र डाख देऊन त्यावर श्रिंक स्लीव्हच, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, घाला. अकोल्याच्या माझ्या चुलतभावाने एका दुकानातून असेच दिवे बसवून घेतले होते, वायरी नुसत्या पिळून काळी टेप मारलेली. मे महिन्यात टेपचा गोंद पाघळला, टेप घसरली, दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आणि छताचा फ्यूज उडाला. फ्यूज होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

म्हणूनच पॉझिटिव्ह वायरीत, मॅप लॅम्पच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ, स्वतःचा फ्यूज घाला. दोन व्हायझर, प्रत्येकी 5 वॅटचे दोन बल्ब, म्हणजे 20 वॅट, साधारण 1.7 अँपिअर. त्याला 3 अँपिअरचा फ्यूज. सगळे एलईडी असतील तर 2 अँपिअरचाही पुरतो. मोठा घालून ठेवायचा नाही.

स्क्रू आवळण्यापूर्वी

इथे घाई करू नका असं कळकळीने सांगते. 2014 मध्ये क्रायसलर या अमेरिकी कंपनीने 2011 ते 2014 च्या जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज ड्युरँगो या गाड्या परत बोलावल्या, जवळजवळ 9 लाख. कारण व्हायझरच्या दिव्याची वायर. दुरुस्तीच्या वेळी व्हायझर काढून परत बसवताना वायर जागा सोडून सरकायची, स्क्रू तिच्यात घुसायचा, शॉर्ट सर्किट व्हायचं आणि आग लागू शकत होती. आपण घरी नेमकं तेच काम करतोय, व्हायझर काढून परत बसवतोय.

तेव्हा असं करा. कपलर आणि जास्तीची वायर भोकातून वर, लायनिंगच्या मागे, स्क्रूच्या जागेपासून दूर सरकवा. व्हायझरचं बूड जागेवर टेकवा, पण आवळू नका. बाजूने टॉर्च मारून स्क्रूच्या सगळ्या भोकांच्या आड वायर येत नाही ना ते बघा. स्क्रू हाताने फिरवा, शेवटचे दोन आटेच फक्त स्क्रू ड्रायव्हरने. मध्येच घट्ट लागला तर थांबा, काढा, पुन्हा बघा. लांब स्क्रू वापरायचा नाही, मूळचेच वापरायचे. मग व्हायझर खिडकीकडे फिरवून बघा. वायर ताणली जाते असं वाटलं तर थोडी सैल सोडा.

बॅटरी जोडल्यावर

झाकण उघडा. दिवा लागला नाही आणि बल्ब एलईडी असेल तर तो उलटा बसलाय. काढून टोकं बदला. दार उघडलं तरच लागत असेल तर अर्थ चुकलाय, वर सांगितलंच. एकच बाजू लागत नसेल तर त्या बाजूचा कपलर नीट बसलेला नसतो. फ्यूज उडाला तर दुसरा घालून पुन्हा प्रयत्न करत बसू नका. कुठेतरी वायर चिरडली आहे, व्हायझर सोडवून बघायलाच हवं. झाकण बंद असतानाही एलईडी मंद तेवत असेल तर स्विचमधून थोडा करंट झिरपतोय आणि व्हायझर परत करायला हवा. एअरबॅगचा दिवा डॅशबोर्डवर लागून राहिला तर पुढे काही करू नका, गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

शेवटची मोजणी बॅटरीपाशी. गाडी बंद, बॉनेट उघडं, दारं लॉक. निगेटिव्ह वायर सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या टोकामध्ये मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर, लाल पिन अँपिअरच्या छिद्रात घालून, जोडा आणि गाडी झोपेपर्यंत, म्हणजे तिची आतली यंत्रणा शांत होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. या वेळात दार उघडायचं नाही, किल्ली फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाऊ शकतो. आकडा साधारण 50 मिलिअँपिअर किंवा त्याहून खाली आला पाहिजे. दिवे बसवायच्या आधीही हेच मोजून ठेवलं असेल तर उत्तम, कारण मग दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात. आमच्या गाडीत दोन्ही वेळा सारखाच आला.

मीटर काढला की ठेवून द्यायच्या आधी लाल पिन परत व्होल्टच्या छिद्रात घाला. ती अँपिअरच्याच छिद्रात राहिली आणि पुढच्या वेळी कुणी त्याच मीटरने बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलं, तर थेट शॉर्ट होतं.

आठ-दहा दिवस गाडी खराब रस्त्याने फिरली की व्हायझरचे स्क्रू एकदा हाताने तपासा. दिव्याचा व्हायझर जुन्यापेक्षा जड असतो, म्हणून मधली क्लिपही बघा. ती झिजलेली असेल तर खड्ड्यात व्हायझर खाली येतो, तोही ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. क्लिप स्वस्त असते, व्हायझर घेताना तीही नवीच घेऊन ठेवा. आणि ड्रायव्हरच्या बाजूचं झाकण रात्री गाडी चालत असताना उघडायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.